चॅपेलच्या प्रोग्रॅम्सची यादी परत पाठवतेय, वाच

प्रिय पोरी,

यादी मिळाली. कॉलेजचं चॅपेल, म्हणजे आपलं छोटं प्रार्थनाघर, सांभाळणाऱ्या चॅप्लिन फादरांनी तिथले वर्षभराचे स्पेशल प्रोग्रॅम तुझ्याकडे दिले म्हणून मला खरंच आनंद झाला, आणि बँड, टी-शर्ट, रील्स, फोटो बूथ हे सगळं वाचून हसूही आलं. नको असं नाही म्हणत. पण त्या अख्ख्या यादीत मला एक माणूस कुठेच दिसला नाही, जो एकटाच येतो तो. दर आठवड्याच्या प्रार्थनेला जी पोरं येतात ती एकमेकांची दोस्तच आहेत, तुम्ही काहीही ठेवा ती येणारच, समोसे ठेवलेत तर लवकर येतील एवढंच. स्पेशल प्रोग्रॅम असतो तो बाकीच्यांसाठी. नगरहून आलेली हॉस्टेलवाली मुलगी जिला मुंबईतलं एकही चर्च माहीत नाही, मिझोरामचा एखादा मुलगा ज्याच्याशी वर्गात कोणी धड बोलत नाही, घरी रविवार चुकवत नव्हता पण इथे आल्यापासून सगळं सुटलंय असा कोणीतरी, आणि ख्रिस्ती नसलेली पण पेपरच्या आधी चॅपेलमध्ये जाऊन गुपचूप बसणारी पोरं, ती तर प्रत्येक कॉलेजात असतात. यातला एकजण दारातून आत आला तर पहिली पाच मिनिटं तो करणार काय, एवढं प्रत्येक प्रोग्रॅमला स्वतःला विचार.

आता नोव्हेंबर. तू तो महिना कोरा सोडलायस आणि माझ्या मते वर्षातला सगळ्यात महत्त्वाचा प्रोग्रॅम तिथेच आहे. 2 नोव्हेंबरला ख्रिस्ती लोक मृतांची आठवण करतात, शिवडीच्या कबरस्तानात त्या दिवशी काय गर्दी असते ते तू बघितलं असशील, फुलं, मेणबत्त्या, अख्खी कुटुंबं. पण ती तारीख दिवाळीच्या सुट्टीच्या आसपास येते, नाहीतर परीक्षेत, म्हणून कॉलेजात कोणी काही ठेवतच नाही. तू ठेव, सुट्टी संपून पोरं परत आली की लगेच. कारण असं बघ, या वयात आजी-आजोबा जातात, कधी वडीलही जातात, आणि इथे शिकणाऱ्या पोराला कळतं फोनवर, मग गाडी मिळेपर्यंत मातीही झालेली असते आणि चार दिवसांनी तो परत येऊन लेक्चरला बसतो. कोणाला पत्ता नसतो. तर एक टेबल, त्यावर वही, ज्याला आठवायचंय त्याचं नाव लिहायचं, फादर किंवा पाळक ती नावं सावकाश वाचतील, प्रत्येकाने एक मेणबत्ती लावायची, बस्स. भाषण नको. बँड तर अजिबात नको. वहीत हिंदू नावं येतील, मुसलमान नावं येतील, कोणीतरी कुत्र्याचं नाव लिहील, सगळी वाचायची, आणि वाचणाऱ्याला आधी वही दे म्हणजे उच्चार अडखळणार नाहीत, कारण आपल्या माणसाचं नाव चुकीचं ऐकणं फार लागतं गं. रडणाऱ्यांजवळ लगेच धावून जाऊ नका, पाणी आणि टिश्यू मागच्या बाकावर ठेवा, ज्याला बोलायचंय तो थांबतोच.

कॅरल सर्व्हिस. बायबलमधली नऊ वाचनं आणि नऊ कॅरल्स, म्हणजे नाताळची गाणी, असं लिहिलंयस. ती पद्धत इंग्लंडमधल्या ट्रुरोची, 1880 ची, आणि केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात 1918 पासून, छान आहे, पण तिथली पोरं विरार लोकल पकडत नाहीत. पाच वाचनं पुरे. आणि डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात उरक, नंतर सगळे घरी पळतात. मराठी, कोकणी, मल्याळम, मिझो असं एकेक गाणं घ्या, मिझो पोरांना चार आवाजात गायला सांग मग बघ, तुमचा बँड आपोआप गप्प बसेल. सगळ्यांच्या हातात शब्दांचा कागद पाहिजेच, कधी उभं राहायचं तेही त्यावर छापा, नाहीतर नवीन माणूस पूर्णवेळ शेजारच्याकडे बघत बसतो.

राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होतो आणि कपाळाला राख लावतात त्या दिवशी, मधल्या सुट्टीत वीस मिनिटं, जास्त नाही. राख गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्यांची करतात, तेव्हा झावळ्या कुठल्या चर्चमधून मिळतील ते आताच विचारून ठेव. काही चर्चमध्ये कपाळाला राख लावायची पद्धतच नसते, त्या पोरांनी नुसतं प्रार्थनेला बसलं तरी चालेल हे सुरुवातीलाच सांगा. मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासना, असेल तर तसंच कम्युनियनचं, ती पवित्र भाकर घ्यायला कोणी पुढे यायचं ते फादरांनी आधी प्रेमाने सांगावं, म्हणजे रांगेत कोणाची फजिती होत नाही.

तेझे प्रार्थना तू यादीत शेवटी टाकलीयस, ती वर घे. फ्रान्समधल्या तेझे गावात ब्रदर रॉजे यांनी 1940 मध्ये सुरू केलेला तो संघ, कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोघंही त्यात आहेत, त्यामुळे इथे कोणाच्या चर्चचं काय असं भांडण होत नाही. दोन ओळींचं गाणं पुन्हा पुन्हा म्हणायचं, मग शांतता. एकट्या माणसासाठी याहून सोपं काही नाही, तिसऱ्या वेळेपर्यंत गाणं पाठ होतं आणि शांततेत सगळेच एकटे असतात. फक्त ती शांतता खरोखर आठ-दहा मिनिटं ठेवा, दोन मिनिटांत कोणीतरी घाबरून गिटार उचलतो तसं नको.

सप्टेंबरात मोतमाउलीच्या, म्हणजे बांद्र्याच्या माउंट मेरीच्या, जत्रेला ग्रुपने जायचं हे झकास. 8 सप्टेंबरनंतरच्या रविवारी सुरू होते, पण तुम्ही मधल्या वारी सकाळी जा, रविवारी तर बांद्र्यात पाय ठेवायला जागा नसते. तिथे मेणाचे हात, पाय, घर, बाळ विकत घेऊन वाहणारे कितीतरी लोक ख्रिस्ती नसतातच, त्यामुळे वर्गातल्या कोणालाही बिनधास्त विचार. जानेवारीत 18 ते 25 ख्रिस्ती ऐक्याचा, म्हणजे वेगवेगळ्या चर्चच्या लोकांनी एकत्र प्रार्थना करायचा, आठवडा असतो, तेव्हा फोर्टातल्या सेंट थॉमस कॅथेड्रलपर्यंत चालत जा. 1718 चं आहे, आणि चर्चगेटला रोज उतरणाऱ्या पोरांना ज्या चर्चवरून स्टेशनला नाव पडलं ते कुठे आहे हे माहीत नसतं. रिट्रीटबद्दल, म्हणजे बाहेर जाऊन प्रार्थनेत घालवायच्या दिवसांबद्दल, आत्ता काही लिहीत नाही, आधी बजेट कळू दे.

एक गोष्ट मात्र कडक. दारात फोन नंबर आणि धर्म विचारणारा फॉर्म ठेवायचा नाही. तू लिहिलंयस फॉलोअपसाठी, पण आत्ताच्या वातावरणात ख्रिस्ती नसलेल्या मुलाला तो फॉर्म बघून काय वाटेल, आणि त्याच्या आईबाबांना काय वाटेल? कोणाला परत यायचं असेल तर पोस्टरवर वेळ आणि जागा आहेच. पोस्टरवर सगळ्यांना मोकळीक आहे असं लिहा, आणि संपायची वेळ लिहा, सुरू व्हायच्या वेळेपेक्षा ती महत्त्वाची, मुलींच्या हॉस्टेलचा इन-टाइम असतो आणि कर्जत-कसाऱ्याच्या पोरांना घरी पोहोचायचं असतं. साडेसहा म्हणजे साडेसहा.

आणि दारात उभं राहायला कमिटीतला सगळ्यात बडबड्या मुलगा नको, तो आपल्याच मित्रांशी गप्पा मारत बसतो. जरा शांत कोणीतरी शोध, जो नवीन माणसाला कागद देईल, बस म्हणेल आणि वाटलं तर शेजारी बसेल.

नोव्हेंबरसाठी हॉल नको, चॅपेलच माग, अर्ज या आठवड्यात टाक कारण सुट्टीनंतर सगळेच मागतात. पोस्टर छापायच्या आधी मला पाठव, मराठी मी बघते, गेल्या वेळी प्रार्थनेचा प्र सुटला होता.

तुझी,
मिस