सत्य आणि शांती या दोन्हींचा एकच देव असेल, तर त्याचे पुजारी खेळात कसे रंगवावेत?

तुमची अडचण थोडक्यात अशी दिसते: डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) या पात्रं घेऊन टेबलावर खेळायच्या खेळातल्या तुमच्या होमब्रू, म्हणजे स्वतः रचलेल्या, जगात सत्य आणि शांतीचा एक देव आहे, आणि त्याचे पुजारी एक तर गोड गोड उपदेश करणारे साधू होऊन बसतात, नाहीतर ‘झोन ऑफ ट्रुथ’ हा खोटं बोलू न देणारा स्पेल (जादू) टाकून तुम्ही मेहनतीने रचलेलं कारस्थान दहा मिनिटांत उघडं पाडतात. मला वाटतं, दोन्हींचं मूळ एकच आहे. सत्य आणि शांती गुण्यागोविंदाने नांदतात असं तुम्ही धरून चाललाय. पण त्यांचं एकमेकांशी पटत नाही. खरं बोललं की भांडण पेटतं, भांडण मिटवायचं तर काहीतरी पोटात ठेवावं लागतं, आणि या पुजाऱ्याने दोन्हींची शपथ एकाच दिवशी घेतलेली असते. रोज या दोहोंच्या कात्रीत सापडणारा माणूस कंटाळवाणा होऊच शकत नाही.

आपल्याला हा पेच नवा नाही. ‘नरो वा कुंजरो वा’ सगळ्यांनाच ठाऊक असतं, पण या देवासाठी मला कर्णपर्वातली कौशिकाची गोष्ट जास्त उपयोगाची वाटते. कौशिक हा कायम खरं बोलण्याचं व्रत घेतलेला तपस्वी. दरोडेखोरांच्या भीतीने काही माणसं त्याच्या जवळच्या रानात लपतात, पाठोपाठ दरोडेखोर येऊन विचारतात, आणि हा खरं ते सांगून मोकळा होतो. माणसं मारली जातात आणि कौशिक नरकात जातो, असं कृष्ण अर्जुनाला सांगतो. तुमच्या देवाच्या मठात नवशिक्यांना पहिल्याच वर्षी अशी एखादी गोष्ट सांगून ‘तू काय केलं असतंस?’ असं विचारलं जावं, आणि तिथल्या ज्येष्ठांचंही उत्तरावर एकमत नसावं.

आता त्या स्पेलकडे येऊ, कारण सगळी मेख तिथेच आहे. खेळाच्या पाचव्या आवृत्तीत झोन ऑफ ट्रुथ दुसऱ्या लेव्हलचा स्पेल आहे, म्हणजे क्लेरिक (देवाच्या शक्तीने स्पेल टाकणारं पुजारी पात्र) तिसऱ्या लेव्हलला पोहोचला की तो टाकू शकतो. १५ फूट त्रिज्येचा गोल, १० मिनिटं टिकतो. आत असलेल्याला दर टर्नला करिश्मा सेव्ह (स्पेलपासून वाचण्यासाठी टाकायचा फासा) करावा लागतो, आणि ६ सेकंदांच्या राउंडच्या हिशेबाने १० मिनिटं म्हणजे १०० राउंड; सेव्ह बऱ्यापैकी चांगला असला तरी माणूस बहुतेक कधीतरी अडकतोच. इथपर्यंत वाचून डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) घाबरतात. पण पुढचं नीट वाचा. स्पेल फक्त मुद्दाम खोटं बोलणं थांबवतो. आपल्यावर स्पेल आहे हे समोरच्याला कळतं. तो गप्प राहू शकतो, आडवळणाने बोलू शकतो. आणि एखाद्याला चुकीची गोष्टच खरी वाटत असेल, तर तो ती बिनदिक्कत सांगतो. ‘मॉडिफाय मेमरी’ने आठवण बदललेला साक्षीदार झोनमध्ये उभा राहून डोळ्यांत पाणी आणून चुकीच्या माणसाला फासावर चढवू शकतो. तुमच्या जगातल्या सरदारांना, व्यापाऱ्यांना हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या माहीत असणार. म्हणून ते निरोप्याला निरोपाचा अर्थच सांगत नाहीत आणि कट शिजत असताना स्वतः खोलीबाहेर थांबतात. उलट या देवाचे पुजारीही प्रश्न विचारण्यात तरबेज झालेले असतात. ‘तू त्या रात्री कुठे होतास?’ असं ते विचारणार नाहीत. ‘त्या रात्री तू या दारातून आत गेलास, हो की नाही?’ असं विचारतील, आणि गप्प राहिलेल्या प्रत्येक प्रश्नाची नोंद ठेवतील.

आणि एक बारकावा, ज्यावर मी अख्खा पंथ उभा करेन. समोरच्याचा सेव्ह फसला की नाही, हे फक्त स्पेल टाकणाऱ्याला कळतं. बाकी दरबाराला काही दिसत नाही. म्हणजे ‘हा आता खोटं बोलू शकत नाही’ यावर सगळ्यांनी विश्वास ठेवायचा तो पुजाऱ्याच्या शब्दावर. या पंथाची सगळी पत त्या एका शब्दात आहे. राजे त्यांना तहाच्या बैठकीला बोलावतात ते एवढ्याचसाठी. एक पुजारी एकदा जरी खोटं बोलल्याचं सिद्ध झालं, तरी त्या पंथाच्या साक्षीने झालेला प्रत्येक तह, प्रत्येक निवाडा संशयात येतो.

माझ्या मोहिमेत मी नेमकं हेच वापरलं. दोन राज्यांमधलं युद्ध एका वृद्ध पुजाऱ्याच्या साक्षीवर थांबलं होतं. राजपुत्राच्या खुनाचा आरोप असलेल्या दूताला त्याने झोनमध्ये उभं केलं, दूत म्हणाला ‘मी मारलं नाही’, आणि पुजारी म्हणाला, ‘हा अडकलेला आहे, खरं बोलतोय.’ खरं तर दूताचा सेव्ह फसलेलाच नव्हता. झोनमधून त्याला लवकर बाहेर काढलं गेलं आणि पुजाऱ्याने युद्ध टाळण्यासाठी ते एक वाक्य उच्चारलं. त्या तहावर पुढे एक पिढी जगली. आमच्या टेबलवरची क्लेरिक त्याच मठातली, त्याच म्हाताऱ्याची शिष्या. तिला हे कळलं ते तहाच्या वर्धापनदिनाच्या आदल्या रात्री, आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही राजांसमोर तिला म्हणायचं होतं: ‘हा तह सत्यावर उभा आहे.’ ती भर सभेत उठली, मंत्राची सुरुवात केली आणि त्या वाक्यापाशी थांबली. खेळणारीने डाइसला हात लावला नाही. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, ‘मी पुढचं म्हणत नाही.’ नियमाने तिने खोटं बोललेलं नव्हतं. पण ज्या पंथात मौनाचीही नोंद होते, तिथे त्या थांबण्याचा अर्थ राजमातेला लगेच कळला. पुढची कितीतरी सेशन्स त्या न उच्चारलेल्या वाक्यातून निघाली.

त्यात मी एक गोष्ट मुद्दाम केली, तुम्हीही करा: त्या म्हाताऱ्याचे स्पेल बंद पडू दिले नाहीत. साडेतीन आवृत्तीत देवाच्या आचारसंहितेचा गंभीर भंग करणारा क्लेरिक शक्ती गमावतो आणि ‘अटोनमेंट’ने प्रायश्चित्त झाल्यावरच त्या परत मिळवतो. पाचव्या आवृत्तीत असा सक्तीचा नियम नाही, आणि या देवासाठी ते फार चांगलं आहे. खोटं बोलूनही देव त्याची प्रार्थना ऐकत राहिला. मग देवाला ते मान्य होतं का? की देव अजून वाट बघतोय? डीएम म्हणून या प्रश्नाचं उत्तर कधीही देऊ नका. मठातल्या दोन गटांना त्यावर भांडू द्या.

गट कोणते, ते सहज सुचतं. निवाड्यांना जाणारे ‘साक्षी’ आणि तह घडवून आणणारे ‘संधिपाल’. साक्षींना वाटतं, संधिपाल सोयीचं तेवढंच बोलतात. संधिपालांना वाटतं, साक्षींनी कधी जळलेलं गाव पाहिलेलं नाही. दोघांना बांधणारा एक नियम मात्र हवा, आणि मी सुचवेन तो असा: पुजाऱ्याने खोटं बोलायचं नाही, पण गप्प राहायची मुभा आहे, मात्र तोच प्रश्न देवाचं नाव घेऊन कुणी तिसऱ्यांदा विचारला, तर उत्तर द्यायचं किंवा तिथेच वस्त्रं उतरवायची. हा नियम खेळाडूंना पहिल्याच दिवशी सांगून टाका. पुढे एखाद्या शत्रूने शांतपणे तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला की टेबलवर सगळे सावरून बसतील.

शांतीच्या बाजूलाही असेच कंगोरे आहेत. ‘काम इमोशन्स’ (Calm Emotions) हा स्पेल २० फूट त्रिज्येतल्या माणसांचं वैर दाबून टाकतो, पण जास्तीत जास्त १ मिनिट, तेही एकाग्रता टिकली तर. स्पेल संपला की राग जिथल्या तिथे. म्हणून या पंथात अशा स्पेलखाली दिलेला शब्द ग्राह्य धरू नये. ते एक मिनिट तलवारी खाली ठेवायला मिळालेला वेळ आहे, त्यात सही घेणं हा गुन्हा. ‘सँक्च्युअरी’चंही तसंच: ज्याच्यावर तो आहे त्याने हल्ला केला की संरक्षण संपतं. सैन्यांच्या मधून निःशस्त्र चालत जाणाऱ्या पुजाऱ्याचं चित्र या एका स्पेलमधून तयार मिळतं.

शांतीचा पुजारी लढतच नाही, असं मात्र करू नका. खेळणाऱ्यावर अन्याय होतो. ग्रेहॉक या डी अँड डीच्याच एका जगातला राओ हा शांती, विवेक आणि प्रसन्नतेचा देव, पण त्याच्याच पवित्र दंडाने वेलुना राज्याचा धर्मप्रमुख कॅनन हेझन याने त्या जगाच्या ५८६ साली सैतानी फौजा हाकलून लावल्या. तुमच्या पुजाऱ्याने पहिला वार करू नये, शरण आलेल्याला मारू नये, आणि तह मोडणाऱ्याच्या विरोधात सर्वांत आधी उभं राहावं.

डोमेनचं (देवाचं क्षेत्र, ज्यावरून क्लेरिकच्या खास शक्ती ठरतात) म्हणाल, तर २०२० मध्ये आलेलं पीस डोमेन नावाला शोभतं. पण त्यातलं ‘एम्बोल्डनिंग बाँड’ पार्टीला (खेळाडूंच्या गटाला) डी४, म्हणजे चार बाजूंच्या फाशाचा बोनस, वाटत सुटतं, त्यामुळे तुमच्या लढती सोप्या होतील. साक्षी गटातल्या पुजाऱ्याला नॉलेज डोमेन द्यायला माझी हरकत नाही.

पहिल्या सेशनला मोठं कारस्थान नको. क्लेरिकच्या ओळखीचा एक साधा माणूस येऊ द्या, ज्याचा भाऊ पार्टीच्या हातून मारला गेलाय आणि ज्याला ते अजून माहीत नाही. त्याने एवढंच विचारावं, ‘माझा भाऊ तुम्हाला वाटेत भेटला का?’ मग तुम्ही गप्प बसा आणि खेळाडूला बोलू द्या.