नागपुरात पावसाचा दिवस: प्रथमच येणाऱ्यांसाठी

जोडीदार आणि मित्रमंडळींसह आपण पावसाळ्यात प्रथमच नागपूरला येत आहात, तर पावसामुळे दिवस वाया जाईल ही धास्ती आधी सोडावी. नवखे लोक पाऊस उघडेल या आशेवर फुटाळा तलाव किंवा रामटेकचा बेत दुपारपर्यंत ताणत राहतात आणि शेवटी सगळ्यांचीच चिडचिड होते. त्याऐवजी छताखालचे एकच ठिकाण निवडून त्याला निवांत वेळ द्यावा. माझी पसंती १८६३ साली स्थापन झालेल्या मध्यवर्ती संग्रहालयाला, म्हणजेच आम्हा नागपूरकरांच्या अजब बंगल्याला आहे. मात्र ते सोमवारी बंद असते.

एवढे पाळावे:

- शक्यतो मेट्रोने फिरावे. सीताबर्डीला दोन्ही मार्गिका एकत्र येतात, त्यामुळे पाणी साचलेल्या रस्त्यांवर वेगवेगळ्या रिक्षांत मंडळी विखुरत नाहीत.
- तर्री पोहे सकाळीच खावेत. सावजी रस्सा झणझणीत असतो; तिखटाची सवय नसलेल्यांना आग्रह करू नये.
- सगळा दिवस घोळक्यातच काढण्याचा हट्ट नको. दुपारी तास-दोन तास पती-पत्नींनी घोळक्यापासून वेगळे, दोघांनीच घालवावेत आणि संध्याकाळी भेटण्याची जागा सकाळीच ठरवावी, कारण भर पावसात फोनवर ते ठरवणे फार त्रासाचे होते.

रामटेक पाऊस उघडेल त्या दिवसासाठी राखून ठेवावे.