४७१ म्हणजे डुकराची चरबी?

प्रश्न: आमच्याकडे अंडंसुद्धा चालत नाही. मी घरून एगलेस केकच्या ऑर्डरी घेते. परवा व्हॉट्सअॅपवर आलं की इमल्सिफायर (तेल-पाणी एकजीव ठेवणारा पदार्थ) ४७१ म्हणजे डुकराची चरबी, आणि बघते तर ब्रेड, आईस्क्रीम, माझं केक जेल, सगळीकडे तोच नंबर! मुलगा जर्मनीत आहे, तोही विचारतोय. खरं काय? – एक वाचक, सांगली

उत्तर: ताई, मेसेज अर्धा खरा आहे, म्हणून तर एवढा फिरतो. ४७१ म्हणजे मोनो आणि डायग्लिसराइड्स, तेल किंवा चरबी ग्लिसरीनसोबत २०० डिग्रीच्या वर तापवून करतात, आता ते पामतेल होतं, सोयाबीनचं होतं की जनावराची चरबी हे नुसत्या नंबरावरून कळत नाही. पण आपल्याकडे हिरवा ठिपका बघायचा, विषय संपला. दूध, मध, मधमाशीचं मेण, लाख अशा ठरावीक गोष्टी सोडून प्राण्याचं काहीही, अगदी चिमूटभर असलं तरी तो ठिपका लावता येत नाही, २०२१ साली दिल्ली हायकोर्टानेही हेच ठणकावून सांगितलंय. जर्मनीत ठिपक्याची अशी सक्ती नाही, तेव्हा मुलाला म्हणावं पाकिटावर व्हेगन लिहिलेलं बघ नाहीतर कंपनीला मेल टाक.

आता तुमचं जेल. अंडं नसताना तो केक फुगतो कशाच्या जिवावर, तर याच ४७१ च्या, बीटर फिरवला की दोन-चार मिनिटांत बॅटर पांढरं होऊन दुप्पट दिसायला लागतं ना, ती हवा हेच धरून ठेवतं. ब्रेडमध्ये ते स्टार्चला चिकटून बसतं म्हणून पाव लवकर कडक होत नाही. आईस्क्रीममध्ये मात्र गंमत उलटी, तिथे ते फॅटचे थेंब एकमेकांना थोडे चिकटू देतं, त्याच जाळीत हवा अडकते आणि आईस्क्रीम पटकन वितळत नाही. तुमच्या फेस क्रीमवर ग्लिसरील स्टिअरेट लिहिलं असेल तर ते याच घरातलं, पण कॉस्मेटिकला ठिपका सक्तीचा नाही, तिथे कंपनीलाच विचारा.

तब्येतीचं म्हणाल तर तेल पचताना पोटात मोनोग्लिसराइड्स बनतातच, युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१७ मध्ये रोजची मर्यादा ठरवायची गरज नाही म्हटलं. २०२४ मध्ये फ्रान्समधल्या ९२ हजार लोकांच्या अभ्यासात ४७१ जास्त खाणाऱ्यांत कॅन्सर थोडा जास्त दिसला खरा, पण कारण हेच असं त्यातून सिद्ध होत नाही. मला विचाराल तर रोज पाकिटातलं खाणं कमी करा, ऑर्डरीचे केक बिनधास्त करा, फक्त जेल बेताने, जास्त झालं की साबणासारखी चव येते.