'बेदखल' म्हणजे दखल न घेतलेला नव्हे

प्रश्न असा : भाडेकरूला जागेतून काढण्याला 'बेदखल करणे' म्हणावे की 'निष्कासन', आणि दोन्हींत फरक काय?

जागेतून काढणे हा अर्थ सगळ्यांना कळतो, त्यावर शाई नको. घोटाळा वेगळाच आहे. 'एवढा मोठा गायक, पण कायम बेदखल राहिला' अशी वाक्ये हल्ली बिनदिक्कत छापून येतात. म्हणायचे असते 'उपेक्षित'. दखल घेतली नाही, म्हणून बेदखल! अहो, बेदखल व्हायला आधी दखल असावी लागते, आणि इथली दखल म्हणजे लक्ष नव्हे, ताबा.

मूळ अरबी. द-ख-ल म्हणजे आत शिरणे. त्यातून दखल, दाखल, दाखला. याच्या समोर उभा ख-र-ज, म्हणजे बाहेर पडणे. त्यातून खारीज, आणि फारसीच्या वाटेने आलेला आपला खर्चसुद्धा. घरमालकाचा दावा दाखल होतो, खारीज होतो आणि मधल्या काळात होतो तो खर्च. अख्खे कोर्ट दोन धातूंत बसले. 'दाखवणे' मात्र या गोतातले नाही, ते प्राकृतातून आलेले, 'दृश्'च्या वंशातले. 'दाखला दाखवा' म्हणताना दोन परके शेजारी बसतात.

मग मराठीत 'दखल घेणे'ला लक्ष देण्याचा अर्थ कुठून आला? माझ्या मते दप्तरातून. कागद आला, वहीत चढला, की त्याची दखल घेतली गेली. वहीतला शिरकाव पुढे डोक्यातला झाला. नकार जोडतानाही भाषेने दोन अर्थ वेगळे ठेवले : एकाला 'अ' लावून अदखलपात्र, दुसऱ्याला 'बे' लावून बेदखल. 'अ' काय नि 'बे' काय, एकच, असे सांगणाऱ्या विद्वानांनी पोलीस ठाण्यात 'बेदखलपात्र गुन्हा' नोंदवून दाखवावा.

बेदखल होण्याचा संबंध ताब्याशी, मालकीशी नव्हे. १९६३च्या स्पेसिफिक रिलीफ ॲक्टचे कलम ६ पाहा. संमतीवाचून आणि कायद्याची वाट सोडून कोणाला जागेतून काढले, तर तो सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकतो. मालकी कोणाची हा प्रश्न तिथे आडवा येत नाही. म्हणून भाडेकरू बेदखल होऊ शकतो, आणि परगावी राहणारा मुलगा, ज्याचा घरात कधी ताबाच नव्हता, तो होऊ शकत नाही. वर्तमानपत्रातली 'मुलाला बेदखल केले आहे' ही जाहीर नोटीस शब्दानेही फसते आणि कायद्यानेही. स्वकष्टार्जित मालमत्ता त्याला द्यायची नसेल, तर मृत्युपत्र करावे लागते. वडिलोपार्जितातला जन्मसिद्ध हिस्सा नोटिशीने पुसला जात नाही.

आता निष्कासन. भाषाशुद्धीवाले 'बेदखल यावनी, म्हणजे अरबी-फारसीतले, निष्कासन घ्या' म्हणतात. घ्या, पण महापालिकांनी त्याचे काय केले ते बघून घ्या. 'अनधिकृत बांधकाम निष्कासित' म्हणजे तिथे पाडले! माणूस बाहेर काढणे आणि भिंत पाडणे, दोन्हींना एकच शब्द. 'भाडेकरूंसह इमारत निष्कासित' असे कोणी लिहिले, तर रुग्णवाहिका बोलवायची की टेम्पो?

बोलीत 'भाडेकरू उठवला' हे चोख मराठी आहे. कुलूप बदलून, पाणी तोडून काढले, तर ते हुसकावणे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९च्या कलम २९ने पाणी-वीज तोडायला मनाई आहे. थकबाकीसाठी काढायचे, तरी आधी लेखी मागणीची नोटीस आणि तिच्यानंतर ९० दिवस थांबल्याखेरीज दावाच लावता येत नाही. कोर्टाचा हुकूमनामा झाला, कोर्टाच्या बेलिफाने ताबा घेऊन दिला, की मग खुशाल 'बेदखल' लिहा.

आणि 'निष्कासित' लिहायचेच असेल, तर 'निष्काषित' नको. पोटफोड्या ष त्यात एकदाच येतो, 'निष्'मध्ये.