सरासरी ३१, तरीही फारुखच

प्रश्न : आमचा मुलगा तेरा वर्षांचा, क्लबात कीपिंग करतो. बॅटिंग करणारे कीपर गिलख्रिस्ट-धोनीपासून आले, असं तो म्हणतो. त्याचे आजोबा मात्र फारुख इंजिनिअरचं नाव घेतात. पण त्याची कसोटी सरासरी तर ३१च दिसते. मग कोणाचं खरं मानायचं? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : आजोबांचं. मी स्वतः मुंबईत पंधरा वर्षं क्लब क्रिकेटमध्ये स्टंपांमागे बसलो आहे, म्हणून ते ३१ मला वेगळे दिसतात.

कीपरची दिवसभर चेंडूगणिक उठबस चालते. समोरच्यांचा डाव संपला की मध्ये मिळतात दहा मिनिटं. ग्लोव्हज काढले की माझे आतले इनर पिळून निघायचे, बोटं पाण्यात भिजल्यासारखी सुरकुतलेली असायची आणि पॅडचे पट्टे आवळताना मांड्या थरथरायच्या. मी सातव्या नंबरला जायचो, म्हणून निभावलं. फारुख अनेकदा त्याच दहा मिनिटांत पॅड बदलून सलामीला जायचा, नव्या चेंडूसमोर. गिलख्रिस्ट कसोटीत बहुतेक वेळा सातवा यायचा.

दादर पारशी कॉलनीत वाढलेला, माटुंग्याच्या पोदार कॉलेजचा हा खेळाडू १९६१ साली कानपूरला इंग्लंडविरुद्ध पहिली कसोटी खेळला. जागा मात्र लगेच पक्की झाली नाही. कीपरच्या जागेसाठी त्याच्याशी स्पर्धेत बुधी कुंदरन होता आणि त्याने १९६४ मध्ये मद्रासला १९२ धावा ठोकल्या होत्या! मग जानेवारी १९६७, पुन्हा मद्रास. समोर वेस्ट इंडिजचे हॉल, ग्रिफिथ, सोबर्स, गिब्ज. फारुख पहिल्या दिवशी उपाहाराला ९४ वर नाबाद होता, पुढे १०९ केल्या. पहिल्या दिवशी उपाहाराआधी शतक करणारा भारतीय मिळायला २०१८ साल उजाडलं, तो शिखर धवन.

आणि कीपिंग कोणाला? भारताच्या चार फिरकीपटूंना : बेदी, प्रसन्ना, वेंकट आणि चंद्रा (चंद्रशेखर). चंद्राचा चेंडू स्पिनरचा, पण वेग जवळजवळ मध्यमगती गोलंदाजाचा. त्याला स्टंपांलगत राहून घ्यायचं म्हणजे डोळ्याची पापणी लवायला सवड नाही. १९७१ मध्ये लंडनच्या ओव्हल मैदानावर चंद्राने ३८ धावांत ६ बळी घेतले, इंग्लंड १०१ वर आटोपलं. त्या कसोटीत फारुखच्या बॅटमधून ५९ आणि नाबाद २८ आल्या. भारत इंग्लंडमध्ये पहिल्यांदा जिंकला, तेव्हा तो खेळपट्टीवर होता.

पुढे १९७३ मध्ये ब्रेबोर्नवर त्याने इंग्लंडविरुद्ध १२१ केल्या. लँकेशायर या इंग्लिश काउंटी संघाने त्याला १९६८ ते १९७६ सांभाळलं आणि २०२५ मध्ये त्यांच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावरच्या एका स्टँडला क्लाइव्ह लॉइडसोबत त्याचं नाव दिलं. एकूण ४६ कसोटी, २६११ धावा, ६६ झेल, १६ यष्टिचीत.

मुलाला एक करून बघू दे. पुढच्या सामन्यात चाळीस षटकं कीपिंग झाली की त्याने प्रशिक्षकांना विचारून सलामीला जावं. संध्याकाळी त्याला आजोबांशेजारी बसवा.