पंधरा किलोच्या दोन पावत्या

प्रश्न : ताई, आम्ही चौघं तासगावात बेदाण्याचे व्यापारी आणि कोल्ड स्टोरेजसाठी सॉफ्टवेअर बनवतो. सौद्याच्या दिवसात ६,००० च्या आसपास नोंदी होतात. रेंज गेली की मापाडी पुन्हा बटण दाबतो आणि एकाच पेटीच्या दोन पावत्या पडतात. घरून काम करणारा सीनियर बॅकएंड आर्किटेक्ट (सर्व्हरच्या बाजूची रचना ठरवणारा) घ्यायचा आहे. पुण्यातल्या एका उमेदवाराने मायक्रोसर्व्हिसेस (एकच सॉफ्टवेअर छोट्या छोट्या स्वतंत्र सर्व्हिसेसमध्ये मोडणं) आणि काफ्का (प्रचंड संख्येने येणारे संदेश हाताळणारी यंत्रणा) सुचवलं. आमच्यात कुणाला त्यातलं कळत नाही. पारख कशी करायची? – एक वाचक, तासगाव

उत्तर : आधी हिशेब करू. आठ तासांत सहा हजार म्हणजे मिनिटाला साडेबारा नोंदी. एवढं काम साध्या सर्व्हरवरचा एकच पोस्टग्रेस डेटाबेस डुलक्या घेत करेल. पाटाच्या पाण्याला धरणाचे दरवाजे कशाला? तुमचे आकडे न विचारताच त्या गृहस्थांनी काफ्का सुचवला असेल, तर मला तिथेच शंका येते.

ही शंका फुकट आलेली नाही. एका छोट्या कंपनीत असताना मीच असा एक माणूस घेतला होता. मुलाखतीत त्याने फळ्यावर इतके सुंदर चौकोन काढले, की मी भाळले. चार महिन्यांत आम्हा तिघांच्या गळ्यात १४ सर्व्हिसेस होत्या. एक बिल चुकलं की पाच ठिकाणचे लॉग (सर्व्हरने काय केलं याच्या नोंदी) उघडायचे. सगळे निर्णय व्हिडिओ कॉलवर व्हायचे, कागदावर ओळ नाही. तो गेला आणि ‘हे असं का केलं?’ याचं उत्तरही त्याच्याबरोबर गेलं.

म्हणून तुम्ही फळा बाजूला ठेवा आणि दुबार पावतीची ही भानगडच उमेदवारापुढे मांडा. अर्ध्या दिवसाचं काम म्हणून द्या, त्याचे पैसेही द्या. फुकटात डोकं वापरून घेणं मला पटत नाही. मग तो काय विचारतो ते ऐका. ‘एका मिनिटात आलेली त्याच वजनाची दुसरी पावती उडवू’ असं म्हणाला, तर गडी कच्चा. तुमची प्रत्येक पेटी १५ किलोची, दोन खऱ्या पावत्या हुबेहूब सारख्या असणारच! मुरलेला माणूस विचारेल, ‘रेंज गेल्यावर मापाड्याला स्क्रीनवर काय दिसतं? पावती झाली की नाही, हे त्याला कळतं का?’ मग तो सांगेल, की पेटीची नोंद उघडतानाच मोबाईलवर एक वेगळी खूण तयार करा, कितीही वेळा बटण दाबलं तरी तीच पाठवा, आणि दुसऱ्यांदा आली तर सर्व्हरने नवी नोंद न करता जुनीच पावती परत द्यावी. या बंदोबस्ताला ‘आयडेम्पोटन्सी’ म्हणतात. त्याने हा शब्द उच्चारला नाही तरी चालेल.

नंतर हेच दोन पानांत लिहून मागा आणि ती पानं तुमच्याकडच्या सगळ्यात नव्या पोराच्या हातात द्या. फोन न लावता त्याला काम सुरू करता आलं, तर तो आर्किटेक्ट घरून काम करायला लायक. लांबच्या माणसाशी चहाच्या टपरीवर गाठ पडत नाही, त्याचं लिहिणं हीच त्याची हजेरी.

पगाराचं थोडक्यात. मोठ्या कंपनीतून येणाऱ्याचा नोटीस पीरियड बहुधा ९० दिवसांचा असतो, तो धरूनच चाला. ईसॉपचं, म्हणजे ठरलेल्या किमतीला कंपनीचे शेअर घेण्याच्या हक्काचं, आमिष दाखवणार असाल तर कंपनी कायद्याच्या नियमांप्रमाणे ते कायम कर्मचाऱ्यांसाठी असतं, आणि दिल्यापासून किमान एक वर्ष व्हेस्ट होत नाही, म्हणजे तो हक्क पक्का होत नाही. सल्लागार म्हणून घेऊन ईसॉप कबूल करू नका. सीएला विचारूनच ऑफर लेटर काढा.

खरं सांगू? पूर्णवेळ आर्किटेक्टची तुम्हाला आज गरज आहे, असं मला वाटत नाही. महिन्याला चार-पाच दिवस देणारा अनुभवी माणूस पुरेल. तोवर त्या खुणेचा नवा कॉलम टाकून त्यावर युनिक इंडेक्स लावा, म्हणजे एकच खूण डेटाबेसमध्ये दोनदा शिरणार नाही. जुन्या नोंदींत तो रिकामा राहिला तरी पोस्टग्रेस कुरकुरत नाही. आधीच्या दुबार पावत्या मात्र कोल्ड स्टोरेजच्या वहीशी हातानेच ताडून पाहाव्या लागतील.