मधल्या जागेवरचा वादक

(वाद्यसंगीताबद्दल वाचकांचे प्रश्न. उत्तरं देते आहे बडोद्यातली एक निवृत्त व्हायोलिन-शिक्षिका.)

डोळ्याचं ऑपरेशन झाल्यामुळे या वेळची पत्रं भाच्यानं वाचून दाखवली. त्यानं मध्ये मध्ये मारलेले शेरे गाळले आहेत. योगायोगानं चारही पत्रं विद्यार्थ्यांच्या छोट्या वाद्यसंचांबद्दलच आहेत.

प्रश्न : माझा मुलगा इथल्या परफॉर्मिंग आर्ट्‌समध्ये व्हायोलिनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. चौघांनी मिळून ग्रुप केला आहे : सतार, बासरी, व्हायोलिन, तबला. वार्षिक कार्यक्रमात त्यांना पंधरा मिनिटं मिळाली आहेत. सतारवाली मुलगी पुढे वाजवते आणि ह्याला सांगतात, तू मागून भर. बासरीवाला म्हणतो, माझी पट्टी धरा. मुलगा रोज तोंड पाडून घरी येतो. ‘सोडून दे’ म्हणू का?
– एक आई, कारेलीबाग

उत्तर : सोडून दे म्हणू नका. आणि ‘जमवून घे रे बाळा’ असंही म्हणू नका. त्या वयात त्याचा अर्थ ‘तुझंच चुकतंय’ असा होतो.

आधी पट्टीचं, म्हणजे ‘सा’ कुठे धरायचा याचं, भांडण मिटवा. ते सोपं आहे, कारण तो स्वभावाचा प्रश्न नाही, बांबूचा आहे. सतार बहुतेक काळी एकला लावलेली असते (पट्ट्यांची ही नावं हार्मोनियमच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवरून). फार तर पांढरी दोनपर्यंत चढवता येते, पुढे तारा तुटायला लागतात. शिवाय तरफा, म्हणजे खालच्या गुंजणाऱ्या तारा, असतात अकरा-तेरा, त्या सगळ्या पुन्हा लावायच्या. त्या मुलाची बासरी पांढरी तीनची असणार, बहुतेकांची तीच असते. त्या बासरीवर वरची तीन छिद्रं बंद केली की षड्ज (सा), सहाही बंद केली की मंद्र पंचम (खालचा प). काळी एकला वाजवायचं तर पाच छिद्रं बंद करून येणारा मंद्र धैवत ‘सा’ धरावा लागतो. गंमत अशी, की तसं केलं की बोटांखाली आपोआप काफी थाटाचे स्वर येतात. म्हणजे मुलांनी त्याच थाटातला बागेश्री घेतला असेल तर हीच बासरी चालून जाईल. यमन घेतला असेल तर मात्र अर्धी छिद्रं दाबण्यात त्या पोराचा जीव जाईल. मग काळी एकची बासरी आणावी लागेल. ती जवळपास तीन फूट लांब असते आणि लहान पंजाच्या मुलाची बोटं सुरुवातीला दुखतात. महिनाभर आधी आणा. कार्यक्रमाच्या आठवड्यात आणलीत तर उपयोग नाही.

तबल्याचंही तेच. दायाँ (उजव्या हाताचा तबला) एखाद्या अर्ध्या स्वराइतका वरखाली होतो, त्यापलीकडे दुसरा तबला लागतो. उरलं व्हायोलिन. ते कुठल्याही पट्टीत लागतं. म्हणून मुलं धरून चालतात, की व्हायोलिनवाल्यानंच वाकायचं. वाकता येणं ही त्या वाद्याची ताकद आहे, पण चौघांत तिचं रूपांतर हमालीत कधी होतं ते कळत नाही. तुमच्या मुलाचं दुखणं मला तिथलं वाटतं.

आता ‘मागून भर’ या शब्दांबद्दल. अशा संचात प्रत्येक जागी एकच वादक असतो. मोठ्या वाद्यवृंदात दहा व्हायोलिनं एकच ओळ वाजवतात, एक थांबलं तरी कळत नाही. चौघांत एक थांबला की भिंतीला भोक पडतं. मधली जागा कमी प्रतीची मानणाऱ्यांनी मोझार्टकडे पाहावं. मायकेल केली नावाच्या आयरिश गायकानं १७८४ मधल्या व्हिएन्नातल्या एका बैठकीची आठवण लिहून ठेवली आहे. चौघे संगीतकार घरगुती वाजवायला बसले होते. पहिलं व्हायोलिन हायडन, दुसरं डिटर्सडॉर्फ, चेलो (खालच्या स्वरांचं मोठं तंतुवाद्य) वानहाल, आणि मोझार्ट व्हायोलावर (व्हायोलिनपेक्षा जरा मोठं, खालच्या सुराचं). म्हणजे त्या खोलीतला सगळ्यात तल्लख माणूस आपण होऊन मधल्या जागी बसला होता. तिथून वरचंही ऐकू येतं आणि खालचंही.

हे मला मात्र उशिरा कळलं. आमचाही विद्यार्थिदशेत चौघांचा संच होता. दोन व्हायोलिनं, सतार, तबला. मी दुसरं व्हायोलिन. मनातून पहिलंच. त्यामुळे जरा जोरातच वाजवायची. सर काही बोलले नाहीत. एक दिवस त्यांनी माझ्या हातातून व्हायोलिन काढून घेतलं, घोडीखाली (तारा जिच्यावर टेकतात ती) रुमाल सारून पेटीत ठेवलं आणि म्हणाले, “आता सतारीची गत (तालात बांधलेली रचना) गाऊन दाखव.” मी गायला लागले आणि तिसऱ्या आवर्तनात अडकले. दीड महिना शेजारी बसून वाजवत होते आणि सतारवाली तिहाई (तीनदा वाजवून समेवर येणारा तुकडा) कुठून उचलते ते मला ठाऊक नव्हतं! पुढचे आठ दिवस मी वाजवलं नाही, फक्त गायले.

त्याच वर्षी गणपतीत दांडिया बाजारच्या एका मंडळात आमचं वादन होतं. धो धो पाऊस. दमट हवेनं तबल्याची पुडी (वरचं कातडं) सैल पडली, सतारीच्या खुंट्या फुगून जागच्या हलेनात, आणि आम्ही चौघं चार दिशांनी सा लावत बसलो. जुळवून होईपर्यंत आरती झाली होती, खिरापत वाटून झाली होती, समोर तीन आजोबा आणि पेंगुळलेली दोन पोरं उरली होती. तेव्हापासून मी सांगते : पट्टी आदल्या दिवशी ठरवायची, वाद्यं तासभर आधी त्या जागेत नेऊन ठेवायची, आणि तबलजीनं हातोडी खिशात ठेवायची, पिशवीच्या तळाशी नको.

मुलाला एवढंच करायला सांगा. चौघांनी पाठीला पाठ लावून बसावं आणि ‘एक-दोन-तीन’ न म्हणता गत सुरू करावी. नुसत्या श्वासावर. पहिल्या दिवशी चार वेगवेगळ्या सुरुवाती होतील आणि हसू येईल. पाचव्या-सहाव्या दिवशी समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) चौघे एकत्र पडले, की पुढे कोण आणि मागे कोण हे भांडण कितपत उरतं ते मला कळवा. उरलंच, तर मधल्या पाच मिनिटांत व्हायोलिननं गत सांगायची आणि सतारीनं झाल्याच्या तारेवर (लय देणाऱ्या बाजूच्या तारेवर) नुसती लय धरायची, असं सरळ मागून घ्या. मागितल्याशिवाय मिळत नाही, हे बडोद्यातल्या भाजीबाजारात आणि वाद्यसंचात सारखंच.

प्रश्न : मी इंजिनिअरिंगला आहे, होस्टेलला राहतो. आम्ही तिघे व्हायोलिन वाजवतो, पाश्चात्त्य पद्धतीनं. क्वार्टेट (दोन व्हायोलिनं, व्हायोला, चेलो) करायचं आहे. एक जण व्हायोला घेईल, पण चेलोवाला मिळत नाही. चेलोची ओळ कीबोर्डवर वाजवली तर?
– फतेगंज

उत्तर : करून बघ, पण तुला आवडणार नाही. चेलोचा लांब स्वर धरल्यावर वाढतो, फुगतो, ओसरतो. कीबोर्डवर पियानोचा आवाज लावलास तर स्वर दाबल्यापासून मरायला लागतो, ऑर्गनचा लावलास तर जन्मभर तसाच उभा राहतो. शिवाय तुमच्या मोकळ्या तारा शुद्ध पंचमानं जुळवलेल्या, आणि कीबोर्डचे स्वर समान वाटणीचे. हे दोन शेजारी सतत बारीक कुरकुरतात.

मित्र व्हायोला घेणार हे चांगलं. त्याला दोन गोष्टी आधी सांग. व्हायोलिनचं धड चौदा इंचांचं, व्हायोला पंधरा ते साडेसोळापर्यंत. मनगटाला ते लगेच जाणवतं. तारा पंचमभर खाली, आणि स्वरलिपी वेगळ्या क्लेफमध्ये (ओळींवरचे स्वर ठरवणारी खूण). पहिले पंधरा दिवस तो एकेक स्वर मोजत वाचेल. त्याला हसू नका.

पण हायडनचे ६८ क्वार्टेट कुठे पळून जात नाहीत. चेलोवाला मिळेपर्यंत ट्रिओ सोनाटा घ्या. दोन व्हायोलिनं आणि खाली आधाराला मंद्र स्वरांची ओळ, कीबोर्डसकट. तिथे कीबोर्ड पाहुणा नाही, घरचाच आहे. कोरेल्ली या इटालियन संगीतकारानं हे सोनाटे ४८ लिहिले, बारा-बारांचे चार संच. माणूस १७१३ मध्ये वारला, म्हणजे स्वरलिपी नेटवरून फुकट उतरवून घ्यायला कुणाची हरकत नाही. दोन्ही व्हायोलिनं तिथे जवळजवळ बरोबरीची आहेत. एक स्वर ताणून धरतं, दुसरं येऊन त्याला घासतं, मग पहिलं खाली उतरतं. तेवढी एक घसट नीट जमली तरी सहामाही सत्कारणी लागली म्हण. आणि व्हायोलावाल्याला आळीपाळीनं दुसरं व्हायोलिन द्या, नाहीतर तो जाईल.

चेलोसाठी शिकवणीच्या नोटीसबोर्डापेक्षा चर्चमध्ये विचार. फतेगंजात राहतोस, लांब जायला नको.

प्रश्न : हे संच-बिंच आपलं नव्हेच. आपलं संगीत एकट्या कलावंताचं. विद्यापीठानं मुलांना या फंदात का पाडावं?
– निवृत्त बँक अधिकारी, रावपुरा

उत्तर : साहेब, रावपुऱ्यात राहून हे लिहिलंत! सुरसागरकडे चालत जा. समोरच्या इमारतीत आज जे परफॉर्मिंग आर्ट्‌स आहे, त्याची सुरुवात सयाजीरावांनी १८८६ मध्ये गायक मौलाबक्षांच्या हाती दिलेल्या गायनशाळेपासून होते. विद्यापीठ पुढे १९४९ ला झालं. मौलाबक्ष स्वरलिपीवर शिकवत. एकाच वेळी अनेकांना एकच चीज शिकवायची तर कागद लागतोच. त्यांचे नातू इनायत खाँ, जन्म बडोद्याचा, १८८२. ते १९१० मध्ये भाऊ आणि नात्यातला आणखी एक भाऊ यांना घेऊन अमेरिकेला गेले ते वादक-गायकांचा छोटा संच म्हणूनच. आपल्या संगीताची पहिली अखिल भारतीय परिषद भातखंड्यांनी १९१६ ला भरवली, तीही इथेच. मैहरला अल्लाउद्दीन खाँसाहेबांनी अनाथ मुलांना घेऊन बँड उभा केला आणि बंदुकीच्या नळ्यांपासून नळतरंग केलं. आकाशवाणीचा वाद्यवृंद १९५२ चा, रविशंकर त्याचे संचालक.

पण ही सगळी मोठी नावं बाजूला ठेवू. तुमच्या लग्नात सनई-चौघडा होता ना? त्यात एक जण वाजवतो आणि दुसरा नुसता सूर धरतो. दोन तास, एकच स्वर, गाल फुगवून, श्वास न तोडता. मुख्य सनईवाला यमनातून भूपात गेला, हमीरात गेला, तरी हा आपल्या जागेवर. माझ्या लग्नात त्या सूर धरणाऱ्याला मध्येच ठसका लागला. मांडवातल्या निम्म्या लोकांनी बोलणं थांबवून तिकडे पाहिलं. तोवर तो माणूस तिथे आहे हे कुणाला माहीतही नव्हतं.

एकट्याच्या बैठकीला माझा विरोध नाही, पण बैठकीला बसवण्याआधी मुलाला दोन वर्षं संचात घालावं असं माझं मत आहे. नाहीतर तबलजी म्हणजे घड्याळ आणि तंबोरेवाली म्हणजे फर्निचर, असं समजणारे वादक तयार होतात. तसे मी पुष्कळ ऐकले आहेत, तुम्हीही ऐकले असतील.

प्रश्न : आमच्या वरच्या मजल्यावर चार विद्यार्थी भाड्यानं राहतात. रात्री नऊनंतर वाजवतात. बोलावं कसं? वाजवतात बरं.
– आजी, मांडवी

उत्तर : बरं वाजवतात ना, मग आधी एकदा खिचडी-कढी द्या आणि मग बोला. व्हायोलिनच्या घोडीवर बसवायचा रबरी म्यूट मिळतो, स्वस्त असतो. आवाज निम्म्याहून खाली येतो. सतारीच्या घोडीजवळ तारांखाली कापडाची घडी सारली की तीही गप्प होते, वादकाला तेवढं ऐकू येतं. बासरीवाल्याला नऊच्या आत संपवायला सांगा. तबल्याला मात्र इलाज नाही. पुडीवर टॉवेल टाकला तरी खालच्या मजल्यावर धा ऐकू येतोच, आणि तो चुकीच्या मात्रेवर पडला तर जास्तच.